उपदेशाचा पत्ता चुकला आहे

वय झालेल्या माणसाला हल्ली दोन गोष्टी फुकट मिळतात: शिबिरातली रक्तदाबाची तपासणी आणि सकारात्मक राहण्याचा सल्ला. पहिलीचा निदान उपयोग होतो. दुसऱ्याचा मारा १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनापासून ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनापर्यंत आणि दिवाळी अंकापासून पहाटेच्या व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत बारमाही चालू असतो. वय हा फक्त आकडा आहे. मन तरुण ठेवा. तक्रारीचा सूर सोडा. मुलांच्या संसारात लक्ष घालू नका. हसत राहा, आयुष्य वाढतं. आता तर संशोधनानंही ते सिद्ध झालंय. सांगणारा बहुधा पंचेचाळिशीचा असतो आणि त्याला पुढच्या कार्यक्रमाची घाई असते.

मी सत्तरी ओलांडली आहे आणि रडतराऊतांपैकी नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं ‘म्हातारीचा कडवटपणा’ म्हणून निकालात काढता येणार नाही. म्हातारपणाकडे चांगल्या नजरेनं पाहावं, याबद्दल माझं दुमतच नाही. वाद आहे तो कोणी पाहावं याचा. हा उपदेश चुकीच्या माणसाला केला जातो, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्याचं वय झालं त्याला बसवून ऐकवायचं आणि ज्यांच्या नजरेवर त्याचं म्हातारपण खरोखर अवलंबून असतं ते डॉक्टर, बँकेतला कारकून, पोटची मुलं आणि वॉर्ड ऑफिस यांना मोकळं सोडायचं, हा उलटा न्याय आहे.

आधी तो आकडा घेऊ. वय नुसताच आकडा असेल तर हे वाक्य एकदा विमा कंपनीच्या खिडकीवर म्हणून पाहावं. शरीरालाही ते पटत नाही. चाळिशीत डोळ्याचं भिंग ताठरतं म्हणून चष्मा लागतो. त्याला निराशा म्हणत नाहीत. पुढे कानाचं तसंच होतं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिल्यांदा जातात ते उंच पट्टीतले आवाज. त्यामुळे स, श, फ अशी व्यंजनं निसटतात आणि स्वर तेवढे राहतात. बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. पंखा चालू असला, दोघं एकदम बोलले की मग काहीच हाती लागत नाही. घरात याचा निवाडा एका वाक्यात होतो: “आईला तिच्या सोयीचं बरोबर ऐकू येतं.” अशा बाईला मन तरुण ठेवा म्हणून सांगायचं, की कानाची तपासणी करून यंत्र आणून द्यायचं?

या आकड्याच्या गोष्टीत आणखी एक खोट आहे. “तुम्ही सत्तरीच्या वाटतच नाही हो!” हे आपल्याकडे कौतुकाचं वाक्य समजतात. यात कौतुक कशाचं झालं? म्हातारं नसण्याचं. साठीतल्या माणसानं चाळिशीचं दिसावं, ऐंशीतल्यानं साठीचं वागावं, म्हणजे तो यशस्वी. ज्या अवस्थेचा उत्तम नमुना म्हणजे ती अवस्था लपवणं, तिच्याबद्दल समाजाचं मत चांगलं आहे असं कसं मानायचं? सकारात्मकतेचा हा सगळा बाजार म्हातारपणाच्या तिटकाऱ्यावर उभा आहे. केसांच्या कलपापासून ‘सेकंड इनिंग’च्या शिबिरांपर्यंत एकच निरोप असतो: म्हातारं व्हायला हरकत नाही, फक्त आम्हाला ते दिसू देऊ नका.

इथे हमखास महर्षी कर्वे पुढे केले जातात. बघा, १०४ वर्षं जगले आणि शेवटपर्यंत काम करत राहिले! खरंच आहे. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि १९४४ साली, ८६व्या वर्षी समता संघ. पण कर्वे सकाळी उठून मनाला तरुण राहण्याच्या सूचना देत होते म्हणून हे घडलं का? त्यांच्यापाशी चार दशकं उभारलेल्या संस्था होत्या. शब्द झेलणारी माणसं होती. त्यांच्यावाचून अडेल असं काम होतं. आणि घर? ते चालवण्याची ओढाताण कशी होती, हे त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी ‘माझे पुराण’मध्ये मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. कर्व्यांच्या उदाहरणातून धडा घ्यायचाच तर तो असा निघतो: ऐंशीच्या माणसाच्या हाती खरं काम द्या आणि भोवती माणसं ठेवा. आपण मात्र अठ्ठावन्न-साठीला माणसाला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतो आणि मग विचारतो, तुम्ही कर्व्यांसारखे का नाही?

आता संशोधन. उपदेश करणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार म्हणजे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ओहायो राज्यातले पन्नाशी ओलांडलेले ६६० जण होते. वय वाढण्याबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, आर्थिक स्थिती, एकटेपणा, हिंडण्याफिरण्याची क्षमता यांचा हिशेब वेगळा करूनही फरक उरला. हा अभ्यास हलका नाही आणि तो झटकून टाकायचा माझा विचारही नाही. पण त्यात लोकांना विचारलं काय होतं? तुम्ही हसता का, हे नव्हे. वय वाढलं की माणूस कमी उपयोगाचा होतो असं तुम्हाला वाटतं का, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. मनातून तरुण असण्याचा तिथे संबंधच नव्हता. म्हातारं असूनही आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत की नाही, याचा होता.

आणि ते मत येतं कुठून? लेव्हींचं उत्तर स्पष्ट आहे. म्हातारपणाबद्दलच्या समजुती माणूस लहानपणापासून भोवतालच्या समाजातून उचलतो आणि पुढे त्याच समजुती स्वतःवर लागू करतो. ‘साठी बुद्धी नाठी’ आपण शाळेत म्हणी पाठ करताना शिकतो, तेव्हा ती दुसऱ्याबद्दल असते; साठी आली की ती आपल्याबद्दल होते. दोष समाजानं पेरला असेल तर निंदणीचं काम एकट्या म्हाताऱ्यानं का करायचं? ज्यांना लेव्हींचा आकडा सांगायचा आहे, त्यांनी त्यांचं हे स्पष्टीकरणही सांगावं. साडेसात वर्षं तेवढी उचलायची आणि कारण टाकून द्यायचं, हे चालणार नाही.

निव्वळ आनंदी राहिल्यानं आयुष्य वाढतं का, याची परीक्षा वेगळी झाली आहे. ब्रिटनमधल्या सात लाखांवर स्त्रियांचा सुमारे दहा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१५च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये आला. दुःखी स्त्रिया जास्त दगावल्या, हे वरवर दिसलं. पण आधीचं आजारपण आणि सिगारेटसारख्या सवयी हिशेबात घेतल्यावर दुःखाचा म्हणून वेगळा परिणाम उरलाच नाही. आजारपण माणसाला उदास करतं आणि आजारपणच मारतं. उदासीवर मात्र आळ येतो. ज्या बाईचे गुडघे दुखतात आणि म्हणून जिला हसू येत नाही, तिला आपण वर ऐकवतो की हसत नाहीस म्हणून तू लवकर जाशील.

तिसरा दाखला १९७६चा. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा; आणि प्रत्येकाला एक रोपटं दिलं, त्याला पाणी घालायचं काम त्याचं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटी मिळाली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या आणि बाकी सगळी काळजीही कर्मचारीच घेणार होते. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हिंडती-फिरती झाली. माणसं थोडी होती, म्हणून या प्रयोगाचा डंका पिटायचं कारण नाही. पण बदललं काय, ते बघा. दृष्टिकोनावर व्याख्यान कोणाचंच झालं नव्हतं. अधिकार दिला गेला होता. आपल्याकडच्या हास्यक्लबांचं यशही मला यातच दिसतं. १९९५ साली मुंबईत सुरू झालेली ही कल्पना गावोगाव टिकली ती खोट्या हसण्यामुळे नाही. सकाळी सहाला तिथे कोणीतरी “काल का नाही आलात?” असं विचारतं, म्हणून टिकली. वाट पाहणारं माणूस असलं की दृष्टिकोन आपोआप सुधारतो.

पुढचा उपदेश: तक्रार करू नका. हा मला सगळ्यात घातक वाटतो.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सेवा केंद्रात मी माझ्या कामासाठी बसले होते. पुढच्या खुर्चीत विडी कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक आजी. केंद्रातला मुलगा म्हणाला, “आजी, ठसा उठेना. अंगठा पुसा.” आजींनी पदराला पुसला. पुन्हा लाल दिवा. मग तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. त्यानं ओलं फडकं दिलं, तरी तेच. “जन्मभर विड्या वळल्या बाबा, बोटं गुळगुळीत झाली. आता ठसा कुठनं आणू?” शेवटी त्यानं मोबाइल समोर धरला: “इथं बघा आन् डोळे मिचकवा.” आजींनी डोळे घट्ट मिटले. “मिटू नका, मिचकवा!” रांगेतलं कोणी हसलं, तशा आजीही हसल्या. बऱ्याच वेळानं त्या जिवंत असल्याचं यंत्रानं मान्य केलं. त्या गेल्यावर शेजारचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, “बघा, कसल्या पॉझिटिव्ह आहेत! एका शब्दानं कुरकुर केली नाही.”

कुरकुर करायला हवी होती. हा सगळा खटाटोप ज्या पेन्शनसाठी, तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४मध्ये महिना १,००० रुपये ठरली आणि वर्षामागून वर्षं गेली तरी तिथेच अडकली. ती वाढावी म्हणून ‘ईपीएस ९५’ या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या पेन्शनरांनी २०१८च्या डिसेंबरात बुलढाण्यात साखळी उपोषण धरलं आणि ते नेटानं चालवलं. ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागणाऱ्या त्या माणसांचा दृष्टिकोन नकारात्मक म्हणायचा का? मला तर त्यांच्याइतकी आशावादी माणसं दुसरी दिसत नाहीत. आपल्या हयातीत काही बदलेल, असं वाटल्याशिवाय सत्तरीत कोणी मांडवात बसत नाही. चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देण्याची सोय २०२१मध्ये आली. बोटांच्या ठशांबद्दल कोणी ओरडलंच नसतं, तर ती कोणाला सुचली असती?

तक्रारीला जागा आणखीही आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठीच्या केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. महाराष्ट्रात राज्याची भर पडून श्रावणबाळ योजनेत २०२३पासून १,५०० मिळू लागले. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. रेल्वेत साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या बाईला ५० टक्के सवलत होती. मार्च २०२०मध्ये साथीच्या निमित्तानं ती गेली. साथ ओसरली, सवलत परतली नाही. उलट आपल्या एसटीनं ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट माफ केलं आणि गाड्यांमध्ये धोतर-टोपीची, नऊवारीची वर्दळ दिसू लागली. माणसं लेकीकडे जाऊ लागली, पंढरपूर-तुळजापूर करू लागली, तालुक्याच्या डॉक्टरला दाखवू लागली. घराबाहेर पडा, माणसांत मिसळा, असं शंभर व्याख्यात्यांनी सांगून जे झालं नाही, ते एका फुकट तिकिटानं केलं. गाडीची पहिली पायरी अजून गुडघ्यापर्यंत येते, हे ती माणसं कंडक्टरला सांगतातही. सांगू द्या. तक्रार हे माणूस अजून व्यवहारात असल्याचं लक्षण आहे.

घरातला उपदेश गोड भाषेत येतो: जुळवून घ्या, अपेक्षा ठेवू नका, आता त्यांना त्यांचं करू द्या. यात शहाणपण आहे, नाही असं नाही. पण अपेक्षा ठेवू नका याचा पुढचा मुक्काम बरेचदा सब-रजिस्ट्रार कचेरी असतो. “आई, सगळं तुझंच आहे, नुसतं नाव लावायचंय” म्हणून घर मुलाच्या नावे होतं आणि वर्षभरात आईचं अंथरूण हॉलमध्ये येतं. सकारात्मक बाई इथे गप्प बसते. २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मात्र गप्प बसू नका म्हणतो. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते रद्द करून घेता येतं. फक्त ती अट दस्तात शब्दांत लिहून घ्यावी, नाहीतर पुढे वाद होतो. पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज चालतो आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो. ज्येष्ठ नागरिक संघात मन शांत ठेवण्यावर दहा व्याख्यानं होतात, त्यांतलं एक तरी बक्षीसपत्राच्या मसुद्यावर ठेवा. ते ऐकून गेलेल्या बाईचं मन बाकी नऊ व्याख्यानांपेक्षा जास्त शांत राहील.

मग दृष्टिकोनाचं महत्त्व काहीच नाही का? आहे, आणि फार आहे. घात करणारा दृष्टिकोन एका वाक्यात मावतो: “या वयात असं चालायचंच.” हे वाक्य कोण म्हणतं, ते लक्ष देऊन ऐका. आजोबांना दोन महिने झोप लागत नाही, जेवणावरून मन उडालंय; डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. उतारवयातलं नैराश्य उपचारांनी बरं होतं, पण त्याला वय हे नाव दिलं की औषधाची चिठ्ठीच लिहिली जात नाही. आजीला लघवी आवरत नाही. सून म्हणते चालायचंच, आणि आजी लग्नाकार्याला जाणं सोडते. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरज केव्हाच संपली, तरी दिवाळी होऊ दे, मग बघू, असं घरात ठरतं. २०२४च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी १४ टाळता येण्याजोगी कारणं मोजली आणि ती सगळी दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा अंदाज दिला. त्या यादीत ऐकू न येणं आहे, उपचार न झालेली अधू नजर आहे, नैराश्य आहे, एकटं पडणं आहे. म्हणजे नेमकं तेच, ज्याला आपण ‘चालायचंच’ म्हणतो.

हे वाक्य म्हातारी माणसंही म्हणतात, हे मला ठाऊक आहे. “आता माझ्यावर कशाला खर्च करता?” हे तर आमचं पाठ वाक्य. पण ते आम्ही ऐकून ऐकूनच शिकलो. आधी कोणीतरी चार माणसांत खर्चाचा आकडा उच्चारलेला असतो.

विरोधक शेवटी विचारतील, मग म्हाताऱ्यांनी स्वतः करायचं काही उरलं की नाही? उरलं आहे, पण ते तारुण्य टिकवण्याच्या दिशेचं नाही. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस देत असत. ऐंशीतही उत्तम कसं वाजवता, असं विचारल्यावर रुबिनस्टाइननी युक्त्या सांगितल्या होत्या: मोजक्याच रचना वाजवायच्या, त्यांचाच जास्त सराव करायचा आणि द्रुत भाग यायच्या आधी लय जरा जास्त संथ करायची, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त भासतो. बोटं मंदावली आहेत, हे आधी कबूल केलं म्हणून या युक्त्या सुचल्या. वय हा आकडा आहे म्हणणाऱ्याला त्या सुचल्या नसत्या. तो पूर्वीच्याच वेगानं वाजवायला गेला असता. आमच्यातली शहाणी माणसं हेच करतात. रात्रीची गाडी चालवणं सोडतात, पण दुपारी जातात. वीस माणसांचा स्वयंपाक सोडतात, पण लोणच्याचा अंदाज आपल्या हातचा ठेवतात. त्यांना कोणी सकारात्मक म्हटलं नाही तरी त्यांचं अडत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती आणि पुढच्या गणतीत ती कितीतरी वाढलेली दिसतील. एवढ्या माणसांना आशेचे धडे देत बसण्यापेक्षा व्याख्यात्यांनी आपली मानधनं तीच ठेवून श्रोते तेवढे बदलावेत. १ ऑक्टोबरला संघाच्या सभागृहात येऊ नये. त्या दिवशी बँकेच्या शाखेत जावं आणि ठसा उठत नाही म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही, हे कारकुनाला समजवावं. मेडिकल कॉलेजात जावं आणि ‘वयाचं आहे’ हे निदान नव्हे, असं पोरांना सांगावं. एसटीच्या आगारात जाऊन पायरीची उंची मोजावी. सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा मागावा आणि विरोधात हात वर करणाऱ्यांना खुशाल सकारात्मक विचारांवर तासभर ऐकवावं. तिथे त्याची खरी गरज आहे.